ऑस्कर मिशो : आपली कथा दुसऱ्याच्या हाती न देणारा दिग्दर्शक

31 जानेवारी 1920 रोजी मुंबईत 'मूकनायक'चा पहिला अंक निघाला, हे आपल्या घराघरात माहीत आहे. त्याच महिन्यात अमेरिकेतील शिकागो शहरात, कृष्णवर्णीयांच्या वस्तीतल्या एका थिएटरात 'विदिन अवर गेट्स' नावाचा मूकपट लागला. त्याची कथा लिहिणारा, दिग्दर्शन करणारा, भांडवल उभे करणारा आणि फिल्मचे डबे घेऊन गावोगाव फिरणारा माणूस एकच होता. त्याचे नाव ऑस्कर मिशो. त्याचे वडील जन्माने गुलाम होते.

इकडे एक पाक्षिक, तिकडे एक चित्रपट. दोन्हींमागचे दुखणे सारखे होते. आपल्याविषयी सगळे बोलतात, पण बोलण्याचे साधन आपल्या हातात नाही.

आम्ही गेल्या पावसाळ्यात हा चित्रपट आमच्या वस्तीतल्या विहारात चादर टांगून दाखवला. चित्रपट मुका, त्यातल्या पाट्या इंग्रजीत. बारावीतली एक मुलगी पुढे बसून त्या पाट्यांचे मराठी मोठ्याने सांगत होती. हाच चित्रपट का निवडला, त्यालाही कारण होते. आमच्या गटातली पोरे मोबाईलवर एक छोटी फिल्म करत होती आणि तिच्यातल्या एका प्रसंगावरून वस्तीत वाद पेटला होता. त्याविषयी शेवटी लिहू. आधी मिशो यांच्याविषयी.

2 जानेवारी 1884 रोजी इलिनॉय राज्यात मेट्रोपोलिस गावाजवळच्या एका शेतावर त्यांचा जन्म झाला. गुलामगिरी कायद्याने संपून तेव्हा वीस वर्षेही झाली नव्हती. खाणारी तोंडे बरीच. ऑस्कर शेतकामात काही चमकले नाहीत, म्हणून वडिलांनी त्यांना भाजीपाला विकायला बाजारात पाठवायला सुरुवात केली. तिथे हा मुलगा रमला. समोरच्याला बोलण्यात गुंतवून माल गळ्यात घालण्याची ही कला पुढे आयुष्यभर त्यांचे भांडवल ठरली.

सतराव्या वर्षी ते शिकागोला आले. कत्तलखान्याच्या परिसरात मजुरी केली, पोलादाच्या कारखान्यात राबले, बूटपॉलिशची बैठक मांडली. मग पुलमन कंपनीत पोर्टर म्हणून लागले. या नोकरीबद्दल थोडे सांगायला हवे, कारण मिशो घडले ते तिथेच. पुलमनचे डबे म्हणजे लांबच्या प्रवासाचे झोपण्याचे आलिशान डबे. यादवी युद्धानंतर या कंपनीने डब्यांतल्या सेवेसाठी कृष्णवर्णीय माणसे घेतली. सुरुवातीला त्यांतले अनेकजण नुकतेच गुलामगिरीतून सुटलेले होते. गोऱ्यांची सेवा करण्याची त्यांना सवय आहे, हा त्यामागचा हिशेब. गाद्या घालायच्या, बूट चमकवायचे, सामान उचलायचे, रात्रभर जागायचे. पगार तुटपुंजा, भिस्त बक्षिशीवर. आणि प्रवासी प्रत्येक पोर्टरला एकाच नावाने हाक मारायचे, जॉर्ज. कारण कंपनीच्या मालकाचे नाव जॉर्ज पुलमन. पूर्वी गुलाम मालकाच्या नावाने ओळखला जाई, तीच रीत रेल्वेच्या डब्यात चालू राहिली. ज्यांच्या आजोबांना गावात नावाने नव्हे तर जातीने हाक मारली जायची, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

पण त्याच डब्यातून मिशो यांनी देश पाहिला. श्रीमंत गोरे शेती, जमीन, व्यापार यांवर काय बोलतात ते ऐकले, पैसा साठवला. 1905 च्या सुमारास त्यांनी दक्षिण डकोटात जमीन घेतली आणि नांगर धरला. आजूबाजूला सगळे गोरे शेतकरी. ज्याच्या बापाला दुसऱ्याच्या जमिनीवर जनावरासारखे राबवले, तो आता स्वतःच्या जमिनीचा मालक होता.

इथे एक गोष्ट झाकून चालणार नाही. ती जमीन लकोटा आदिवासींची होती. रोजबड राखीव क्षेत्रातील जमीन 'जास्तीची' ठरवून सरकारने बाहेरच्या वसाहतकऱ्यांना खुली केली होती. मिशो यांच्या कथांमध्ये माळरान फोडणारा कृष्णवर्णीय शेतकरी पुन्हा पुन्हा नायक होतो, ज्यांचे माळरान गेले ते लकोटा मात्र कधी नायक होत नाहीत. एका शोषिताची शिडी दुसऱ्या शोषिताच्या खांद्यावर टेकलेली असू शकते. समाजशास्त्राच्या वर्गात आम्ही हे पुस्तकातून शिकलो होतो, मिशो यांच्या चरित्रात ते नकाशावर बोट ठेवून दाखवता येते.

जमीन टिकली नाही. 1910 मध्ये त्यांनी शिकागोतील एका धर्मोपदेशकाच्या मुलीशी लग्न केले. सासऱ्याशी बिनसले, पत्नी माहेरी निघून गेली. मागोमाग दुष्काळ आला, कर्ज वाढले, जमीन हातची गेली. त्या राखेतून पुस्तक निघाले. 1913 मध्ये 'द कॉन्क्वेस्ट' ही कादंबरी त्यांनी स्वतःचे नाव न घालता छापली. जवळजवळ आत्मचरित्रच ते. पुस्तकाची पिशवी घेऊन ते दारोदार फिरले आणि आपल्या गोऱ्या शेजाऱ्यांनाच प्रती विकल्या. आणखी दोन कादंबऱ्या आल्या. 1917 च्या 'द होमस्टेडर'मध्ये पुन्हा तीच शेती, तेच मोडलेले लग्न, तोच ढोंगी धर्मोपदेशक.

दरम्यान 1915 मध्ये डी. डब्ल्यू. ग्रिफिथ यांचा 'द बर्थ ऑफ अ नेशन' आला होता. सिनेमाचे तंत्र शिकवणाऱ्या पुस्तकांत त्याचे अजूनही गोडवे असतात. त्या चित्रपटात गोरे नट तोंडाला काळे फासून कृष्णवर्णीयांची पात्रे रंगवतात, कृष्णवर्णीय पुरुष गोऱ्या मुलीचा पाठलाग करतो आणि कू क्लक्स क्लॅन ही खुनी टोळी घोड्यांवरून तारणहार म्हणून येते. राष्ट्राध्यक्ष विल्सन यांच्यासाठी त्याचा खेळ थेट व्हाईट हाऊसमध्ये झाला. त्याच वर्षी जॉर्जिया राज्यात क्लॅनची नव्याने स्थापना झाली. मार्च 1915 मध्ये तो न्यूयॉर्कला लागला, तेव्हा बाबासाहेब त्याच शहरात, कोलंबिया विद्यापीठात शिकत होते.

कृष्णवर्णीयांच्या संघटनांनी निदर्शने केली, बंदीची मागणी केली. काही ठिकाणी यश आले, बहुतेक ठिकाणी नाही. निदर्शने हवीच होती. पण पडद्यावरच्या खोट्याला पडद्यावरच उत्तर द्यायचे, तर कुणाला तरी चित्रपट काढावा लागणार होता.

मिशो यांच्याकडे ही संधी आली ती भलत्याच दाराने. लॉस एंजेलिसची लिंकन मोशन पिक्चर कंपनी ही कृष्णवर्णीयांनीच उभी केलेली संस्था. तिने 1918 मध्ये 'द होमस्टेडर'चे हक्क मागितले. मिशो यांनी अट घातली की चित्रपट मी स्वतः दिग्दर्शित करणार. आयुष्यात कॅमेऱ्याला हात न लावलेला माणूस ही अट घालतो आहे, म्हटल्यावर कंपनीने नकार दिला. व्यवहाराच्या दृष्टीने कंपनीचे चुकले असे आम्हाला वाटत नाही. पण मिशोही हटले नाहीत. त्यांनी स्वतःची कंपनी काढली आणि पुन्हा दारोदार फिरायला लागले. या वेळी पिशवीत पुस्तके नव्हती, कंपनीचे समभाग होते, 75 ते 100 डॉलरला एक. घेणारे बरेचसे आयोवा राज्यातील स्यू सिटीच्या आसपासचे गोरे शेतकरी होते. फेब्रुवारी 1919 मध्ये 'द होमस्टेडर' शिकागोत झळकला. आठ रिळांचा. कृष्णवर्णीय दिग्दर्शकाने केलेला हा पहिला पूर्ण लांबीचा कथापट मानला जातो. त्यातल्या धर्मोपदेशकाच्या चित्रणावर शहरातील काही कृष्णवर्णीय पाद्रीच संतापले आणि सेन्सॉरकडे गेले. तरी तो लागला, चालला. आज त्याची एकही प्रत उपलब्ध नाही.

त्या जुलैत शिकागो पेटले. कारण ठरले पाणी. युजीन विल्यम्स हा 17 वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा मित्रांबरोबर तराफ्यावरून मिशिगन सरोवरात पोहत होता. तराफा वाहत जाऊन गोऱ्यांचे समजल्या जाणाऱ्या पाण्याकडे गेला, किनाऱ्यावरून एका गोऱ्या माणसाने दगड मारले, मुलगा बुडाला. पोलिसांनी मारणाऱ्याला अटक केली नाही. पुढच्या काही दिवसांत 38 माणसे मेली, त्यांतली 23 कृष्णवर्णीय. महाडला आपण 1927 मध्ये पाण्याला हात लावला आणि डोकी फुटली. तिथे लाटेने सीमा ओलांडली एवढाच गुन्हा होता.

हा धूर विरतो न विरतो तोच मिशो 'विदिन अवर गेट्स' घेऊन सेन्सॉरपुढे उभे राहिले. चित्रपटात दोन झुंडबळी आणि बलात्काराचा प्रयत्न होता. बोर्डाने आधी नाकारला. पुन्हा दंगल होईल ही भीती. काही कृष्णवर्णीयांनाही तेच वाटत होते. बरीच ओढाताण आणि काटछाट होऊन जानेवारी 1920 मध्ये परवानगी मिळाली. पुढे ओमाहा, न्यू ऑर्लिन्स अशा शहरांतही त्याला विरोध झाला.

कथेची नायिका सिल्व्हिया ही शिक्षिका आहे. दक्षिणेतल्या एका खेड्यात कृष्णवर्णीय मुलांची शाळा पैशांअभावी बंद पडायला आली आहे, आणि ती 5,000 डॉलर उभे करायला उत्तरेत बोस्टनला जाते. हा भाग पाहताना आमच्या विहारातल्या शिक्षिका ताई सरसावून बसल्या होत्या. देणगीदार बाई मदत करायला तयार होते, तर तिची दक्षिणेतली मैत्रीण सांगते की या लोकांना शिकवून काही उपयोग नाही. राखीव जागांवरची चर्चा ऐकत मोठे झालेल्या आमच्या मुलांना या पाटीचे मराठी सांगावेही लागले नाही.

मग सिल्व्हियाचा भूतकाळ उलगडतो. तिला वाढवणारा जॅस्पर लँड्री हा वाट्याने शेती करणारा गरीब शेतकरी. सिल्व्हिया शिकलेली, म्हणून ती घरचा हिशेब लिहून ठेवते. जमीनदाराने आजवर कसे लुबाडले ते त्या कागदावर दिसते. तो कागद घेऊन लँड्री जमीनदाराकडे हिशेब मिटवायला जातो. शोषणाची सगळी यंत्रणा या एका प्रसंगात आहे. लिहिता-वाचता येणारी मुलगी, आकडे लिहिलेला कागद, आणि आकडे पाहून खवळलेला मालक. नेमक्या त्याच वेळी खिडकीतून गोळी येते आणि जमीनदार मरतो. गोळी झाडणारा असतो त्याच मालकाने नाडलेला एक गरीब गोरा. आळ मात्र लँड्रीवर येतो.

आळ घेणारा कोण? एफ्रेम नावाचा कृष्णवर्णीय नोकर. मालकाची मर्जी राखण्यासाठी चुगली करणारा. आपण गोऱ्यांच्या गोटातले, आपल्याला काय धोका, अशा तोऱ्यात तो जमावात मिरवतो. लँड्री सापडत नाही तेव्हा हाताशी काहीतरी हवेच म्हणून जमाव एफ्रेमलाच संपवतो. पुढे लँड्री आणि त्याची बायको सापडतात, त्यांनाही फासावर देऊन जाळतात. जमावात बायका आहेत, मुले आहेत. आणि त्याच वेळी दुसरीकडे जमीनदाराचा भाऊ सिल्व्हियाला एकटी गाठून तिच्यावर झडप घालतो. मिशो ही दोन दृश्ये एकमेकांत कापत नेतात. इकडे फास, तिकडे झटापट. हे तंत्र ग्रिफिथचेच. फक्त खोटे काढून टाकलेले. कुणी कुणाच्या अंगावर हात टाकला, याचा खरा इतिहास तिथे पडद्यावर आला. झटापटीत तिच्या छातीवरचा व्रण दिसतो आणि तो माणूस थबकतो. ती त्याचीच मुलगी निघते.

चादरीवर हे चालू असताना विहारात कुणी हललेही नाही. खैरलांजी हा शब्द कुणी उच्चारला नाही.

आणखी एक छोटे पात्र आहे, ओल्ड नेड. हा कृष्णवर्णीय धर्मोपदेशक आपल्या लोकांना सांगतो की मतदान, हक्क, शिक्षण यांच्या मागे लागू नका, स्वर्ग आपलाच आहे. गोऱ्या साहेबांपुढे तो हसत हसत ढुंगणावर लाथ खातो. दार बंद झाल्यावर त्याचा चेहरा पडतो, आपण आपल्या माणसांना विकले हे त्याला कळते. मिशो त्याला खलनायक करून मोकळे होत नाहीत. त्या अर्ध्या मिनिटात तो आपल्याला दिसतो आणि त्याची कीव येते.

1925 मध्ये कोल्हापूरचे बाबूराव पेंटर 'सावकारी पाश'मधून कर्जात बुडालेला शेतकरी दाखवत होते. त्याच वर्षी मिशो यांनी 'बॉडी अँड सोल' केला. पॉल रोबसन या महान गायक-नटाचा हा पहिला चित्रपट. रोबसन यात एका गावाला लुबाडणारा भोंदू धर्मोपदेशक झाले. एक कष्टकरी बाई इस्त्री करून जमवलेला पैसा बायबलमध्ये लपवते, आणि तोच तो लाटतो, तिच्या मुलीची अब्रूही लुटतो. न्यूयॉर्कच्या सेन्सॉरने धर्माची बदनामी म्हणून हरकत घेतली, तेव्हा मिशो यांना शेवट बदलावा लागला. सगळे एक स्वप्न होते, अशी सुटका जोडली गेली. तरी स्वप्नाआधी जे दिसायचे ते दिसतेच.

हे सगळे चित्रपट कसे निघत, तेही पाहू. स्टुडिओ नाही. ओळखीच्यांच्या घरात, हॉलमध्ये चित्रीकरण. दृश्य चुकले तरी बहुधा पुन्हा घ्यायचे नाही, कारण फिल्म महाग. मिशो पुढच्या चित्रपटातल्या नटांचे फोटो घेऊन थिएटरवाल्यांकडे जात, आगाऊ पैसे उचलत आणि त्यातून चित्रपट पुरा करत. दक्षिणेत अनेक थिएटरे गोऱ्यांची. तिथे गोऱ्यांचे खेळ संपल्यावर मध्यरात्री कृष्णवर्णीयांसाठी वेगळा खेळ लागे, तो मिळवत. सेन्सॉरने कापलेले तुकडे एका राज्यात नसत, दुसऱ्या राज्यात परत जोडलेले सापडत. हे आम्ही कौतुकाने सांगतो आहोत, हे मान्य आहे.

कलाकुसर मात्र यात मार खाई. प्रकाश कच्चा, अभिनय कधी ताठर, कथा मध्येच उडी मारते. बोलपट आल्यावर ही गरिबी जास्तच उघडी पडली. 1928 मध्ये त्यांनी दिवाळे जाहीर केले. 1926 मध्ये लग्न केलेल्या ॲलिस रसेल या अभिनेत्री शेवटपर्यंत त्यांच्याबरोबर राबल्या. पुढे हार्लेमच्या गोऱ्या थिएटरमालकांचे भांडवल घेऊन त्यांनी 1931 मध्ये 'द एक्झाइल' हा बोलपट काढला. पैसा आला, पण कंपनी पूर्वीसारखी एकट्याची राहिली नाही.

आणि 1938 मध्ये त्यांच्याच माणसांनी त्यांना अडवले. 'गॉड्स स्टेप चिल्ड्रन' ही गोरी समजून घ्यावी इतक्या उजळ रंगाच्या मुलीची गोष्ट. ती आपल्या माणसांचा तिरस्कार करते आणि शेवटी जीव देते. हार्लेममध्ये डाव्या तरुणांनी निदर्शने केली. मिशो रंगाची उतरंड समाजात पसरवतात, असा आरोप होता. चित्रपट थिएटरातून उतरवावा लागला. आमच्या मते हा आरोप सगळा खोटा नव्हता. त्यांच्या चित्रपटांत नायक-नायिका बहुधा उजळ आणि लबाड पात्रे सावळी असतात. बुकर टी. वॉशिंग्टन यांचा त्यांच्यावर प्रभाव होता, कष्ट करा आणि वर या हा मंत्र. वर येऊ न शकणाऱ्या गरिबाविषयी कधी कधी त्यांची जीभ कडू होई. आपल्याकडे शिकून शहरात गेलेल्या काहींची होते, तशी.

1948 मध्ये तीन तासांचा 'द बिट्रेयल' साफ पडला. मिशो पुन्हा कादंबऱ्यांकडे, पुन्हा विक्रीच्या फेऱ्यांकडे वळले. अशाच एका फेरीत 25 मार्च 1951 रोजी उत्तर कॅरोलिनातील शार्लट शहरात त्यांचे निधन झाले. चाळीसहून अधिक चित्रपट केलेल्या माणसाच्या कॅन्ससमधल्या थडग्यावर कित्येक वर्षे दगडही नव्हता. मूकपटांपैकी आज तीनच हाताशी आहेत. 'विदिन अवर गेट्स'ची प्रत 1970 च्या दशकात स्पेनमध्ये 'ला नेग्रा' या नावाने सापडली. मूळ इंग्रजी पाट्या बहुतेक गेलेल्या, स्पॅनिशवरून त्या परत इंग्रजीत आणाव्या लागल्या. आमच्या विहारात त्यांचा मराठी अवतार झाला.

आता आमच्या वादाविषयी. दोन वर्षांपूर्वी बाहेरची एक मंडळी येऊन आमच्या सफाई कामगारांच्या कहाण्या रेकॉर्ड करून गेली. नंतर जे बनले त्यात आमची वस्ती होती, पण बोलणारा बाहेरचा होता. म्हणून पोरांनी स्वतःची फिल्म करायला घेतली. गटारात उतरून मेलेल्या कामगाराच्या बायकोची गोष्ट. त्यातल्या एका प्रसंगात वस्तीतलाच एक पुढारी नुकसानभरपाईच्या पैशातून आपला वाटा मागतो. विहारातल्या ज्येष्ठ मंडळींनी आक्षेप घेतला. बाहेरचे आपल्यावर तुटून पडायला टपलेले असताना आपलीच लक्तरे का दाखवायची? या काकांनी नामांतराच्या काळात लाठ्या खाल्ल्या आहेत, त्यांची भीती हवेतली नाही.

चित्रपट संपल्यावर पोरांनी ओल्ड नेडचा प्रसंग पुन्हा लावायला सांगितला. दोनदा पाहिला. एक काका म्हणाले की दार बंद झाल्यावरचा चेहरा दाखवणार असाल, तर त्या पुढाऱ्याचे बघू. त्यामुळे पोरांना आता एक दृश्य नव्याने लिहावे लागते आहे. पुढाऱ्याचे काम करायला वस्तीत अजून कुणी तयार नाही.